मुलाचा सांधेविकार आणि पालक : बुऱ्हाणपूरच्या संदर्भात एक आढावा

सोळा वर्षे पूर्ण होण्याआधी एखाद्या मुलाचा सांधा सुजला, ती सूज निदान सहा आठवडे टिकली आणि जंतुसंसर्ग, दुखापत, रक्ताचा विकार असे दुसरे कोणतेही कारण तपासण्यांत सापडले नाही, तर त्या आजाराला वैद्यकशास्त्र जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणते. मराठीत त्याला बालसंधिवात म्हटले जाते. रोगापासून रक्षण करणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, एवढे कळलेले आहे. ती नेमकी याच मुलाच्या बाबतीत का उलटली, हे कळलेले नाही. पालकांची पहिली अडचण इथूनच सुरू होते, कारण ‘आमच्याच मुलाला का’ या प्रश्नाला डॉक्टरांकडे उत्तर नसते आणि उत्तराची ती रिकामी जागा नातेवाईकांचे तर्क आणि आईबापांचा स्वतःचा अपराधभाव भरून काढतात.

या आजाराच्या औषधोपचारांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मोठी प्रगती झाली. त्या मानाने पालकांच्या वाट्याला येणाऱ्या कामाचा विचार मागे राहिला. जो झाला तो मुख्यतः मानसशास्त्राच्या अंगाने आणि बहुतांशी युरोप-अमेरिकेतील कुटुंबांच्या आधारे झाला. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेताना मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्हा समोर ठेवला आहे. तापीकाठचे हे शहर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्यातून बुऱ्हाणपूर हा वेगळा जिल्हा निघाला. यंत्रमाग आणि केळी यांवर येथील पुष्कळ घरे चालतात आणि पलीकडे जळगाव जिल्ह्याचा रावेर तालुका लागतो. दोन राज्यांच्या आरोग्यव्यवस्था जवळ असूनही दोन्हींच्या कडेला राहणाऱ्या अशा जिल्ह्यात पालकांच्या धीराचा प्रश्न अंतर, वेळ आणि पैसा यांच्यापासून सुटा करता येत नाही, हे या आढाव्यात वारंवार दिसून येईल.

आजाराची ओळख आणि तिचा इतिहास

मुलांच्या दीर्घकालीन सांधेविकाराचे पहिले सविस्तर इंग्रजी वर्णन लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयातील जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या डॉक्टरांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केले. बावीस मुलांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवून दिले, की मुलांमधील हा विकार म्हणजे प्रौढांच्या संधिवाताची छोटी आवृत्ती नव्हे. काही मुलांत तो ताप, सुजलेल्या गाठी आणि वाढलेली प्लीहा यांसह येतो. पुढे अमेरिकेने आणि युरोपने त्याला वेगवेगळी नावे दिली आणि वेगवेगळे निकष लावले, त्यामुळे एका देशातील अभ्यासाची दुसऱ्या देशातील अभ्यासाशी तुलना करणे अवघड झाले. हा घोळ मिटवण्यासाठी १९९४ मध्ये सांतियागो येथे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकच वर्गीकरण सुचवले, त्याची दुरुस्ती १९९७ मध्ये डर्बन आणि २००१ मध्ये एडमंटन येथे झाली, आणि त्यानुसार आजाराचे सात प्रकार मानले गेले.

पालकांच्या दृष्टीने त्यांतील काही भेद कळीचे आहेत. पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे धरणारा प्रकार लहान मुलींत अधिक आढळतो आणि त्यात डोळ्याच्या आत, बाहेरून लाली किंवा वेदना न दिसता, दाह होऊ शकतो. दृष्टी वाचवायची तर मूल अगदी ठणठणीत दिसत असतानाही ठरावीक महिन्यांनी नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्प या यंत्राने तपासणी करावी लागते. पाच किंवा अधिक सांधे धरणारा प्रकार प्रौढांच्या संधिवाताशी काहीसा मिळताजुळता असतो. स्नायूंचे बंध हाडाला जिथे चिकटतात तिथे, विशेषतः टाचेशी आणि गुडघ्याशी, दुखणारा प्रकार मोठ्या मुलग्यांत अधिक दिसतो आणि पुढे कमरेपर्यंत जाऊ शकतो. स्टिल यांचे नाव लाभलेल्या सर्वांगीण प्रकारात रोज चढणारा ताप आणि येऊन जाणारे फिकट पुरळ असते. त्यात कधी प्रतिकारपेशींचा उद्रेक होऊन जिवावरही बेतते. भारतात या प्रकारांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा वेगळे असावे, असे दिसते. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू करणारे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालरुग्णांच्या मालिकेत टाच-गुडघ्याच्या बंधांचा प्रकार सर्वांत मोठा होता.

वर्गीकरणाचा वाद मात्र संपलेला नाही. सांध्यांची संख्या मोजून पाडलेले प्रकार आजाराच्या मुळाशी जुळत नाहीत, असा आक्षेप घेऊन काही तज्ज्ञांनी गेल्या दशकाच्या अखेरीस नवी मांडणी पुढे केली. २०२४ च्या युरोपीय शिफारशींनी मुलांमधील आणि प्रौढांमधील स्टिलचा आजार एकच मानला. पालकांना याचा फटका असा बसतो, की एका रुग्णालयाच्या कागदावरचे नाव दुसऱ्या रुग्णालयात बदलते आणि आधीचे निदान चुकले होते की काय, ही धास्ती मनात घर करते.

उपचारांचा इतिहास थोडक्यात असा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विश्रांती, फळीला बांधलेले अवयव आणि ॲस्पिरिन हाच उपाय होता. १९४८-४९ मध्ये कॉर्टिसोन या स्टिरॉइडने चमत्कार वाटावा असा आराम दिला, पण खुंटलेली उंची, सुजलेला चेहरा आणि ठिसूळ हाडे हे त्याचे मोल मुलांनी मोजले. खरे वळण १९९२ मध्ये आले. अमेरिका आणि सोव्हिएत संघातील १२७ मुलांवरील चाचणीत आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत गुणकारी ठरले. पाठोपाठ २००० मध्ये एटानर्सेप्ट या पहिल्या जैविक औषधाची, म्हणजे दाह पेटवणाऱ्या एका विशिष्ट रेणूला अडवणाऱ्या प्रथिनाची, मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तेव्हापासून अपेक्षा बदलली : वेदना कमी करणे एवढ्यावर न थांबता आजार पूर्णपणे शांत करणे हे ध्येय मानले जाऊ लागले. मूल अपंग होणारच, असे आज कोणताही जाणता डॉक्टर सांगत नाही. पण हे नवे आश्वासन वेळेवर निदान आणि अखंड औषध या दोन अटींवर उभे आहे.

बुऱ्हाणपुरातून निदानापर्यंतची वाट

या दोन अटींपैकी पहिली पाळणे किती कठीण आहे, हे निदानाच्या नेहमीच्या मार्गावरून कळते. लहान मूल सांधा दुखतो असे सांगत नाही. ते चालायचे टाळते, कडेवर घ्यायचा हट्ट धरते, जिना बसत-बसत उतरते. पहिला अर्थ लाडावल्याचा लावला जातो, दुसरा पडल्या-धडपडल्याचा. वाढीच्या वयातली दुखणी, असेही सांगितले जाते. वस्तुतः ती दुखणी दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतात आणि सकाळी मूल पळत सुटते, तर बालसंधिवातात सकाळच आखडलेली असते. हा एवढा फरक पहिल्या भेटीत विचारला गेला, तरी पुष्कळ महिने वाचतात.

हाडांच्या डॉक्टरांकडे काढलेल्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला बहुधा काही दिसत नाही. आर. ए. फॅक्टर ही रक्ततपासणी बहुसंख्य बालरुग्णांत निर्दोष येते, आणि ‘संधिवात नाही’ असा तिचा अर्थ लावला जातो. याउलट ए. एस. ओ. नावाची तपासणी वाढलेली निघाली, तर संधिवातज्वर, म्हणजे घशाच्या जंतुसंसर्गानंतर सांधे आणि हृदय यांना होणारा विकार, असे निदान होऊन महिन्या-महिन्याला पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू होतात. ही तपासणी घशाला पूर्वी विशिष्ट जंतूची लागण झाली होती, एवढेच सांगते; संधिवातज्वरातील सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते आणि ॲस्पिरिनने थोड्याच दिवसांत ओसरते, ती एकाच गुडघ्यात महिनोन्महिने ठाण मांडून बसत नाही. एकच गुडघा सुजला असेल तर क्षयाचा संशय घेतला जातो, आणि आपल्याकडे तो घेणे रास्तच आहे. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही कधी सांधेदुखीने होते, म्हणून स्टिरॉइड देण्याआधी ती शक्यता तपासावी लागते. याखेरीज काही खरोखरच दुर्मीळ आनुवंशिक विकार बालसंधिवाताचे सोंग घेऊन येतात. प्रोग्रेसिव्ह स्यूडोरुमॅटॉइड डिस्प्लेसिया या कूर्चेच्या विकारात बोटांचे सांधे जाड होतात, पण दाहाच्या तपासण्या निर्दोष येतात. म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसच्या सौम्य प्रकारांत बोटे आखडतात पण सूज नसते. अशा मुलांना संधिवाताची औषधे वर्षानुवर्षे दिली जाण्याचे प्रकार घडतात.

हे सारे वेगळे ओळखू शकणारे बालसंधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. बुऱ्हाणपूरहून इंदूर सुमारे १८० किलोमीटर. मुंबई-इटारसी लोहमार्गावर असल्याने रेल्वेने मुंबई गाठणे सोयीचे, पण ते अंतर जवळपास ५०० किलोमीटर. प्रत्येक फेरीत मागावरच्या किंवा केळीच्या बागेतल्या कामाची मजुरी बुडते, बरोबर जाणाऱ्या दुसऱ्या माणसाचीही बुडते, आणि मागे राहिलेल्या भावंडांची व्यवस्था लावावी लागते.

आजार दुर्मीळ म्हणावा का, यावरही मतभेद आहेत. लखनौ येथील शाळांत केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक लाख मुलांमागे सुमारे ४८ जणांना तो आढळला. २०११ च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात होती. तिचा तिसरा हिस्सा सोळा वर्षांखालचा धरला आणि लखनौचे प्रमाण जसेच्या तसे लावले, तर जिल्ह्यात शंभर-सव्वाशे मुले निघतील. हा ढोबळ हिशेब आहे, मोजणी नव्हे. तरीही तो महत्त्वाचा ठरतो, कारण येथील पालक आपल्यासारखे दुसरे कोणीच नाही, अशा समजुतीत जगतात, आणि त्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात.

पालकांच्या मनाविषयीचे विचारप्रवाह

मुलाच्या दीर्घ आजाराने पालकांच्या मनात काय घडते, याविषयी गेल्या साठहून अधिक वर्षांत वेगवेगळ्या मांडण्या झाल्या. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मरणोन्मुख रुग्णांविषयी सांगितलेल्या अवस्था, म्हणजे नाकारणे, चीड, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार, पुढे आजारी मुलांच्या पालकांनाही लावल्या गेल्या. या चौकटीची सोय अशी, की चिडलेला बाप किंवा निदान न मानणारी आई डॉक्टरांना समजून घेता येते. तिच्यावरचा आक्षेप असा, की तीत स्वीकार हे शेवटचे ठिकाण मानले आहे, आणि तिथे न पोहोचलेला पालक कमकुवत ठरतो.

त्याआधीच, १९६२ मध्ये, सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी अभ्यासकाने बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबाबत निराळे मत मांडले होते : हे दुःख संपत नाही, ते पुनःपुन्हा वर येते, आणि तसे येणे हा मनाचा विकार नव्हे. बालसंधिवाताला ही मांडणी अधिक चपखल बसते, असे म्हणण्यास जागा आहे, कारण आजारच चढउताराचा आहे. वर्षभर शांत राहिलेला गुडघा एका सर्दीनंतर पुन्हा सुजतो आणि पालक निदानाच्या पहिल्या दिवसावर जाऊन उभे राहतात.

तिसरी मांडणी रिचर्ड लाझरस आणि सुझन फोकमन यांची, १९८४ सालची. ताण म्हणजे अंगावर आलेले संकट आणि हाताशी असलेली साधने यांचा माणसाने मनाशी घातलेला मेळ, असे त्यांनी मानले आणि तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले : प्रश्नावर काम करणे आणि स्वतःच्या भावना सांभाळणे. पहिला मार्ग श्रेष्ठ, असा समज पुढील लेखनात रुजला. परंतु जे बदलता येत नाही त्याच्याशी झुंजत राहणे हेही झिजवणारे असते, आणि देवदर्शन, नवस, दर्ग्यावरची चादर यांना केवळ पलायन म्हणणे अन्यायाचे होईल. चौथा विचार परिचारिकाशास्त्रातून आला. कॅथलीन नाफ्ल आणि जॅनेट डीट्रिक यांनी १९८० च्या दशकात दाखवले, की अनेक कुटुंबे आजार मान्य करूनही आपले घर इतरांसारखेच आहे, अशी मांडणी जाणीवपूर्वक उभी करतात आणि दिनक्रम तिच्याभोवती रचतात. त्याचा लाभ मुलाला होतो. धोका एवढाच, की घर नेहमीसारखे आहे, असे दाखवण्याच्या भरात औषध वगळले जाते किंवा शाळेपासून आजार लपवला जातो.

हे विचार एकमेकांना खोडून काढत नाहीत. एकाच घरातली आई आणि वडील वेगवेगळ्या मांडण्यांत बसतात, आणि तेच कधी कलहाचे कारण ठरते. प्रत्यक्ष मदतीचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. हेन्री आयरीस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, ज्यांची संधिवात झालेली मुले आता मोठी झाली आहेत अशा आयांची गाठ नवख्या आयांशी घालून दिली. त्यामुळे आधार मिळत असल्याची भावना वाढली, मानसिक त्रासाच्या मोजमापात फरक तितका ठळक दिसला नाही. दीर्घ आजारी मुलांच्या पालकांसाठीच्या मानसोपचारांचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१२ मध्ये आला आणि दोनदा अद्ययावत झाला. अडचण सोडवण्याची रीत शिकवणाऱ्या उपचारांना त्याने काहीसा कौल दिला, परंतु त्यातील बहुतेक अभ्यास कर्करोग, मधुमेह, दमा, दीर्घ वेदना यांसंबंधीचे आहेत.

घरातले काम

सिद्धान्तांत ज्याला तोंड देणे म्हटले जाते, त्याचे घरातले रूप कामाचे असते, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. सांध्याच्या पोकळीत रात्रभर साचलेल्या दाहामुळे सकाळी मूल आखडलेले असते. शाळा सातची असेल तर आईला पाचलाच पाणी तापवावे लागते. कोमट पाण्याने आंघोळ, हळूहळू सांधे सोडवणे, मग गणवेशाची बटणे, जी सुजलेल्या बोटांना लागत नाहीत, आणि बुटांच्या नाड्या. बैठ्या संडासात उकिडवे बसता येत नाही. पंगतीत आणि वर्गात मांडी घालता येत नाही. मुलांच्या दैनंदिन हालचाली मोजणारी जगभर वापरात असलेली प्रश्नावली मूळची अमेरिकी आहे. ती न्हाणीच्या टबात उतरता येते का, सायकल चालवता येते का, असे विचारते. जमिनीवर जगणाऱ्या घरातल्या आईला त्यांतले काही प्रश्न उपरे वाटतात आणि तिच्या खऱ्या अडचणी त्या कागदावर उमटत नाहीत. अकरा वाजता तेच मूल अंगणात खेळताना दिसते, आणि सकाळचे दृश्य न पाहिलेले शेजारी व शिक्षक त्याला नाटकी ठरवतात. आईच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास नसणे ही या आजारातली मोठी, आणि फारशी न नोंदली गेलेली, यातना आहे.

दुसरी गोष्ट मेथोट्रेक्सेटची. हे औषध आठवड्यातून एकाच दिवशी द्यायचे असते. चुकून रोज दिले तर जिवावर बेतू शकते, म्हणून वार ठरवून, शक्यतो चिठ्ठीवर ठळक लिहून घेऊन ते पाळावे लागते, आणि त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. पुष्कळ मुलांना त्याने मळमळते. काही महिन्यांनी पिवळी गोळी नुसती दिसली तरी, किंवा तो वार उजाडला तरी, उलटीची भावना येते. रक्तातील दोष दाखवणाऱ्या तपासण्या निर्दोष असतात, पण मूल रडते आणि पालकच हात आखडता घेतात. रात्री झोपण्याआधी देणे, गोळीऐवजी कातडीखाली इंजेक्शन देणे, मळमळीवरचे औषध आधी देणे, असे उपाय आहेत. इंजेक्शन घरी कोणी द्यायचे, यावर मतभेद आहे. आईने दिले तर फेऱ्या आणि पैसे वाचतात. पण दुखावणारा हात आईचाच असावा का, असाही प्रश्न काही जाणकार उपस्थित करतात.

जपणूक आणि मोकळीक

पूर्वी विश्रांती हा उपचार होता. आता हालचाल हा उपचार आहे. न वापरलेला स्नायू बारीक होतो, सांधा वाकलेल्या अवस्थेतच आवळतो, म्हणून दाह आटोक्यात असताना पोहणे, सायकल, व्यायाम यांना उत्तेजन द्यावे, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. तरीही आजीआजोबांचा ओढा मुलाला बसवून ठेवण्याकडे असतो. मॉरिस ग्रीन आणि अल्बर्ट सोल्निट यांनी १९६४ मध्ये नोंदवले होते, की दगावण्याच्या भीतीतून वाचलेल्या मुलाला पालक पुढे कायमचे नाजूक समजतात आणि ती समजूत मुलाच्या वर्तनात उतरते. दुसरी बाजूही तोलाची आहे : प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्या मुलाला ताप आला तर थांबून पाहणे धोक्याचे असते, जिवंत विषाणूंच्या काही लशी त्याला चालत नाहीत, आणि जैविक औषधांआधी सुप्त क्षयाची तपासणी करावीच लागते. सावधपणा कुठे संपतो आणि बंदी कुठे सुरू होते, हे ठरवण्याची वेळ पालकांवर रोज येते.

मुलाला किती सांगावे, याबाबत नवे मत वयानुसार खरे सांगावे असे आहे. मुलींच्या बाबतीत लग्नाची चिंता आड येते आणि आजार नात्यागोत्यात लपवला जातो. लपवण्यामागची भीती खोटी नाही. तिची किंमत मात्र मुलगीच मोजते, कारण लपवायचे तर औषधही लपूनच घ्यावे लागते.

इतर उपचारपद्धती

आमवात हा स्वतंत्र विकार म्हणून माधवकराच्या माधवनिदानात वर्णिलेला आहे, आणि निमाड-खानदेशातील घराघरांत आंबट, वातूळ, थंड पदार्थ वर्ज्य करण्याची रीत त्याच परंपरेशी नाते सांगते. आयुर्वेद, होमिओपॅथी, मालिश आणि मंत्रतंत्र यांकडे वळणाऱ्या पालकांना आधुनिक वैद्यक दीर्घकाळ अडाणी ठरवत आले; पालक म्हणतात, की जे डॉक्टर आजाराचे कारण सांगू शकत नाहीत आणि औषध कधी थांबेल हेही सांगत नाहीत, त्यांच्यावरच सारा भार टाकणे अवघड जाते. प्रौढांच्या संधिवातावर आयुर्वेदीय उपचारांच्या काही शिस्तबद्ध चाचण्या भारतात झाल्या आहेत, मुलांच्या बाबतीत त्या तोलाचा पुरावा अजून उभा राहिलेला नाही. दोन धोक्यांवर मात्र वाद नाही. नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे वेळोवेळी आढळले आहे, आणि मेथोट्रेक्सेट बंद करून दुसरे औषध सुरू केल्यास मधल्या महिन्यांत झिजलेला सांधा भरून येत नाही. आहारावरील कडक बंदी आधीच अशक्त मुलाला आणखी अशक्त करते, हेही लक्षात घ्यावे लागते.

खर्च, कायदा आणि योजना

मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे. जैविक औषधे महाग आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांपैकी ॲडॅलिम्युमॅब या औषधाची जगातली पहिली प्रतिरूप आवृत्ती भारतातच बाजारात आली आणि किमती उतरू लागल्या, तरी रोजंदारीवर चालणाऱ्या कुटुंबाला त्या अजून पेलत नाहीत. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते आणि मध्य प्रदेशातले कार्ड मुंबईतल्या संलग्न रुग्णालयातही चालते. पण तिचा गाभा रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचा आहे, आणि या आजाराचा जवळपास सारा खर्च दाखल न होता होतो. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. रावेरच्या कुटुंबाला जे दार उघडे, ते बुऱ्हाणपूरच्या कुटुंबाला बंद.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली निवडक केंद्रांत पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण त्या यादीत बालसंधिवात नाही. वर उल्लेखलेला म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस मात्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आणि सिकलसेल यांची नावे आहेत, बालसंधिवाताचे नाही. तो अस्थिव्यंगाच्या सर्वसाधारण वर्गात मोजावा लागतो आणि लाभांसाठी चाळीस टक्के व्यंग प्रमाणित व्हावे लागते. तपासणीच्या दिवशी सांधे शांत असतील तर टक्के भरत नाहीत. एका बाजूचे म्हणणे, की प्रमाणपत्राला मोजता येणारा, स्थिर निकष हवाच, नाहीतर खऱ्या गरजूंचा वाटा जातो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की चढउतार हाच ज्या आजाराचा स्वभाव, त्याला एका दिवसाची मोजपट्टी लावता येत नाही. शिवाय पुष्कळ पालकांना मुलाच्या नावापुढे दिव्यांग असा शिक्का नको असतो.

अजून न सुटलेले

आजार शांत झाल्यावर औषध कधी थांबवावे, याचे निश्चित उत्तर नाही. थांबवल्यावर बऱ्याच मुलांत तो परततो, आणि कोणत्या मुलांत परतणार नाही हे आधी सांगणारी खात्रीची तपासणी अजून हाती आलेली नाही. दाह पूर्ण निवल्यावरही काही मुलांची वेदना उरते; ती मज्जासंस्थेच्या वाढलेल्या संवेदनशीलतेमुळे असावी, हा विचार मान्यता मिळवत आहे, पण मूल खोटे बोलते आहे असे न म्हणता हे पालकांना कसे समजवावे, यावर आपल्याकडे काम व्हायचे आहे. वडिलांवरील अभ्यास सर्वत्र कमी आहेत. मूल अठरा वर्षांचे झाले की बालविभागातून प्रौढांच्या विभागात जाते, आणि तोवर तारखा, फायली, रक्ताचे अहवाल सांभाळणाऱ्या आईने ते काम कसे सोपवावे, याची पद्धत फार थोड्या रुग्णालयांनी बसवली आहे.

सर्वांत जवळचा प्रश्न शोधाचा आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जातात. त्यांच्या तपासणीच्या यादीत जन्मजात वाकडे पाय, निखळलेला खुबा आणि संधिवातज्वराने बिघडलेले हृदय आहे, बालसंधिवात नाही. इंग्लंडमध्ये २००६ मध्ये तयार झालेली पी-गाल्स नावाची तपासणी तीन प्रश्न आणि काही साध्या हालचाली यांवर दोन-तीन मिनिटांत होते : कुठे दुखते किंवा आखडते का, कपडे मदतीशिवाय घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. ती या पथकांच्या हाती द्यावी, असे म्हणणाऱ्यांचा आधार उघड आहे. सहा आठवड्यांची सूज दोन वर्षांची होण्याआधी सापडेल. विरोधात बोलणारे विचारतात, की पाय दुखणारी जी असंख्य मुले या चाळणीत अडकतील, त्यांना पाठवायचे कुठे, आणि इंदूरची फेरी करून काही न निघालेल्या पालकांची बुडालेली मजुरी कोणी भरून द्यायची. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस दूरचित्रसंवादाने तज्ज्ञ बसवला तर हा तिढा सुटेल का, हे बुऱ्हाणपूरसारख्या एखाद्या जिल्ह्यात करून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.